कोपऱ्यातल्या फायरप्लेससाठी काचेची दारं: ओळख, माप, निवड आणि बसवणं

दारं घरी आली आणि बसलीच नाहीत, असं झालं की दोष बहुतेक वेळा मापाचा किंवा चुकीच्या प्रकाराचा असतो. रंगाचा, मुठीचा, नक्षीचा सहसा नसतो. कोपऱ्यातल्या फायरप्लेसला हे जास्तच लागू पडतं, कारण तिथे एक कोन जास्त सांभाळायचा असतो आणि दार उघडायला जागा कमी असते. म्हणून आधी फायरप्लेस कोणत्या जातीची आहे ते ओळखा, मग काच ठरवा, मग दार कसं उघडणार ते बघा आणि त्यानंतरच टेप हातात घ्या. रूप सगळ्यात शेवटी.

तुमचा कोपरा कोणता?

‘कोपऱ्यातली फायरप्लेस’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या रचना ओळखल्या जातात. पहिलीत खोलीचा कोपरा तिरका कापल्यासारखा असतो आणि त्या तिरक्या भिंतीत फायरप्लेसचं तोंड असतं. तोंड एकच, सपाट. याला सरळ भिंतीवरचीच दारं चालतात; अडचण फक्त दोन्ही बाजूंनी पुढे येणाऱ्या भिंतींची. दुसरीत फायरप्लेस भिंतीच्या बाहेर आलेल्या कोपऱ्यात असते आणि समोरून व एका बाजूने, अशी दोन तोंडं उघडी असतात. काही ठिकाणी मधल्या कोपऱ्यावर लोखंडी खांब असतो, काही ठिकाणी वरचा भार आतल्या बीमने पेललेला असतो आणि कोपरा पूर्ण मोकळा असतो. या दुसऱ्या प्रकाराला इंग्रजी एल अक्षरासारखी काटकोनी चौकट लागते, आणि ती जवळजवळ नेहमीच मापानुसार बनवून घ्यावी लागते.

दोन तोंडांच्या फायरप्लेसमध्ये डावी आणि उजवी असा फरक असतो. मोठ्या तोंडासमोर उभं राहून बघा: दुसरं तोंड उजव्या हाताला असेल तर ती उजवी. ऑर्डरमध्ये नुसतं ‘उजवी’ लिहून भागवू नका. वरून दिसणारं साधं चित्र काढा, त्यावर खोली कुठे, भिंत कुठे, मोठं तोंड कुठे हे लिहा. आरशातल्यासारखी उलटी बनून आलेली चौकट परत वापरता येत नाही.

विटांची की कारखान्यातून आलेली?

ही चौकशी चुकली तर नुकसान पैशांपुरतं थांबत नाही. विटांनी जागेवर बांधलेल्या फायरप्लेसला जाड भिंती असतात आणि उष्णता त्या भिंतीच झेलतात. कारखान्यात बनलेली फायरप्लेस मात्र पत्र्याची पेटी असते आणि ती लाकडी सांगाड्यात बसवलेली असते. पत्र्याच्या दोन थरांमधून खेळणारी हवा तिला थंड ठेवते. त्यासाठी तोंडाच्या वर-खाली झडपांच्या फटी असतात. त्या फटींवर चौकट आली की पेटी तापत जाते आणि आजूबाजूचं लाकूड धोक्यात येतं.

ओळखायचं कसं? आतल्या विटांच्या नक्षीवर विश्वास ठेवू नका, कारण पत्र्याच्या पेटीतही विटांसारखे दिसणारे अग्निरोधक तक्ते लावलेले असतात. तोंडाच्या कडेला पत्र्याची किनार दिसते का, जाळीचे पडदे बाजूच्या खाचांमध्ये जातात का, छतावर धुराडं म्हणून धातूचा पाईप आणि टोपी आहे का, हे बघा. पत्र्याची पेटी असेल तर बनवणाऱ्याचं नाव आणि मॉडेल क्रमांक असलेली पट्टी सहसा जाळीच्या पडद्यामागे, बाजूला किंवा तोंडाच्या वरच्या कडेला आत सापडते. टॉर्च लागेल, आणि काजळी पुसावी लागेल.

पत्र्याच्या पेटीला फक्त त्या मॉडेलसाठी चाचणी करून मंजूर झालेली दारंच लावा. ‘माप जुळतंय ना?’ एवढं पुरेसं नाही. पेटीच्या पत्र्यात मनाने भोकंही पाडू नका. उत्पादकाने जिथे स्क्रू सांगितले आहेत तिथेच ते जातात.

गॅसच्या काही फायरप्लेसना पुढची काच बंदिस्त असते आणि बाहेरची हवा वेगळ्या पाईपने आत येते. तिथली काच जळणाच्या यंत्रणेचाच भाग आहे. तिच्यावर दुसरी दारं चढवायची नाहीत आणि ती काढून दारं लावायची तर मुळीच नाहीत. या लेखात पुढे जे आहे ते मुख्यतः विटांच्या, लाकूड जाळायच्या फायरप्लेससाठी आहे.

काच: आग पेटलेली असताना दार बंद राहणार का?

काचेचा निर्णय या एका प्रश्नावर होतो.

टफन्ड काच (तापवून झपाट्याने गार करून मजबूत केलेली) स्वस्त, मजबूत आणि पारदर्शक असते. पण सतत झेलायची तिची उष्णतेची मर्यादा साधारण 250 अंश सेल्सिअस. पूर्ण पेटलेल्या लाकडांसमोर दार बंद ठेवलं की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. काच एकदम फुटून तिचे छोटे-छोटे तुकडे होतात. म्हणून टफन्ड काचेच्या दारांचा नियम पक्का आहे: जाळ मोठा असताना दारं पूर्ण उघडी आणि जाळी बंद; निखारे उरले की दारं बंद. अर्धवट उघडं ठेवू नका. अर्धवट उघड्या दाराच्या कडेवर आगीचा झोत येतो आणि टफन्ड काच कडेलाच सगळ्यात नाजूक असते.

सिरॅमिक काच सुमारे 700 अंशांपर्यंत टिकते. तापल्यावर ती जवळजवळ प्रसरणच पावत नाही, त्यामुळे एका बाजूने गरम आणि दुसऱ्या बाजूने गार झाली तरी तडकत नाही. तिला किंचित पिवळसर झाक असते, अनेकांना ती चालते. ठोकर लागली तर मात्र तीही फुटते, तेव्हा लाकूड आत फेकू नका. आणखी एक फरक: आगीतून निघणारी किरणांची ऊब टफन्ड काच बरीचशी अडवते, सिरॅमिक काच त्यातली बरीच पुढे जाऊ देते. म्हणजे दार बंद ठेवून उबेला बसायचं असेल तर सिरॅमिकच हवी. जाडी सहसा टफन्डची 5 ते 6 मिमी आणि सिरॅमिकची 4 ते 5 मिमी असते.

एक गैरसमज इथेच मोडून काढू. काचेची दारं लावली म्हणून उघडी फायरप्लेस बंद लोखंडी स्टोव्हसारखी खोली तापवू लागत नाही. रात्री निखारे विझायला बराच वेळ लागतो आणि तोवर डॅम्पर (धुराडं उघडबंद करणारी झडप) बंद करता येत नाही. तेवढ्या वेळात खोलीतली गरम हवा धुराड्यातून निघून जाते. दारं ती गळती कमी करतात. ठिणग्या अडवतात, राखेचा वास रोखतात. यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवली तर पदरी निराशाच येईल.

दोन तोंडांची फायरप्लेस आणि धूर

दोन बाजूंनी उघड्या फायरप्लेसमधून खोलीत धूर येण्याची तक्रार नेहमीची. त्याची कारणं दोन. एक, माणूस बाजूने चालत गेला, खोलीचं दार उघडलं की हवेचा झोत एका तोंडातून शिरून दुसऱ्यातून धूर बाहेर ढकलतो. दोन, धुराड्याची पोकळी कमी पडते. ढोबळ हिशेब असा: धुराड्याच्या पोकळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या क्षेत्रफळाच्या साधारण दहाव्या भागाएवढं हवं, आणि दोन तोंडं असतील तर दोघांची बेरीज धरायची. समजा समोरचं तोंड 90 बाय 70 सेंमी आणि बाजूचं 50 बाय 70 सेंमी. पहिल्याचे 6300, दुसऱ्याचे 3500, एकूण 9800 चौरस सेंमी. म्हणजे पोकळी 980 चौरस सेंमी हवी, साधारण 31 बाय 31 ची. बांधणाऱ्याने फक्त समोरचं तोंड धरून 25 बाय 25 ची ठेवली असेल तर धूर येणारच.

यावर दारं निवडतानाच उपाय करता येतो. बाजूच्या तोंडाला उघडणारं दार न लावता सिरॅमिक काचेचा स्थिर तक्ता लावा आणि फक्त समोर दारं ठेवा. आडवा झोत बंद होतो, आणि हिशेबातलं तोंड परत 6300 चौरस सेंमीवर येतं. दोन्हीकडे उघडणाऱ्या दारांपेक्षा आमची पसंती बहुतेक घरांत यालाच. दोन अटी मात्र पाळा. हा तक्ता आग पेटलेली असतानाही जागेवरच राहणार, तेव्हा तिथे टफन्ड काच नको. आणि तक्ता आतून पुसण्यासाठी काढता आला पाहिजे. चौकटीत कायमचा बसवून टाकलेला तक्ता काही महिन्यांत काळा होऊन बसतो.

दार कसं उघडणार

दोन पाखांचं साधं दार आणि मध्ये घडी पडणारं दुघडी दार, हे दोन मुख्य प्रकार. दुघडी दाराला पुढे जागा निम्मीच लागते, पण बिजागऱ्या जास्त आणि काचेतून दिसणाऱ्या उभ्या पट्ट्याही जास्त. साध्या पाखांतून आग मोकळी दिसते.

तिरक्या भिंतीतल्या फायरप्लेसमध्ये दोन्ही बाजूंच्या भिंती 135 अंशांच्या कोनात पुढे येतात. समजा दाराचं पाखं 45 सेंमीचं आणि बिजागरीपासून भिंतीच्या वळणापर्यंत 20 सेंमी जागा आहे. ते पाखं साधारण 150 अंशांवर भिंतीला टेकतं. मूठ पुढे आलेली असेल तर त्याआधीच. भिंत विटांची किंवा प्लास्टरची असेल तर दाराला आधी अडवणारी खुंटी बसवली की झालं. भिंतीला लाकडी तक्ते, वॉलपेपर किंवा पडदे असतील तर तापलेली धातूची चौकट त्यांना टेकू देऊ नका. तिथे दुघडी दार घ्या. पुठ्ठ्याचं पाखं कापून चिकटपट्टीने लावून उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण मँटलचा (तोंडाभोवतीच्या सजावटी चौकटीचा आणि फळीचा) पाया, ओट्यावरची (तोंडापुढच्या फरशीवरची) लाकडांची टोपली, पायरी, सगळ्या अडचणी तेवढ्यात समोर येतात.

मोकळ्या कोपऱ्याच्या फायरप्लेसमध्ये दोन काचा कोपऱ्यावर एकमेकींना टेकलेल्या दाखवणारी छायाचित्रं फार मोहक असतात. रोजच्या वापरात कोपऱ्यावर धातूची बारीक उभी पट्टी असलेलीच चौकट बरी. काचेच्या उघड्या कडा ठोकरीला तोंड देत नाहीत, आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्या अडकवायलाही काहीतरी लागतंच.

माप

स्टीलचा टेप, गुण्या, लेव्हल, कागद आणि मदतीला एक माणूस. आग कमीत कमी एक दिवस आधी विझलेली असावी. सगळी मापं मिमीमध्ये लिहा.

1. रुंदी तीन ठिकाणी घ्या: वर, मध्ये, खाली. उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. विटांच्या तोंडात 5 ते 10 मिमी फरक येणं नेहमीचं.
2. उंची ओट्यापासून लिंटेलच्या (तोंडावरचा भार पेलणाऱ्या आडव्या आधाराच्या) सगळ्यात खालच्या टोकापर्यंत मोजा. लिंटेलचा लोखंडी अँगल दर्शनी विटांच्या खाली आलेला असतो, आणि विटांपर्यंत मोजलं तर चौकट आत जात नाही.
3. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर तोंड काटकोनी नाही.
4. ओटा लेव्हलमध्ये आहे का बघा. उतार असेल तर कुठून कुठे आणि किती, ते लिहा.
5. तोंडाभोवतीच्या सपाट जागेची रुंदी मोजा: वर मँटलपर्यंत, बाजूला भिंतीपर्यंत, खांब असेल तर खांबाची.
6. डॅम्परची मूठ, गॅसची चावी, हवेची झडप कुठे आहे ते चित्रात दाखवा.

मापाच्या यादीत सहावी ओळ सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. चौकट छान बसते आणि मग कळतं, की डॅम्परची मूठ चौकटीच्या वरच्या पट्टीमागे अडकली.

दोन तोंडांच्या फायरप्लेसला वरच्या सगळ्याबरोबर कोपऱ्याचा कोनही तपासावा लागतो. कोपऱ्यापासून समोरच्या रेषेवर 40 सेंमीवर आणि बाजूच्या रेषेवर 30 सेंमीवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर 50 सेंमी आलं तर काटकोन. 50.8 आलं तर कोन साधारण 92 अंश. हे 2 अंश दिसायला काहीच नाहीत, पण 50 सेंमी लांबीच्या बाजूवर टोकाशी पावणेदोन सेंमीची फट पडते. मोकळ्या कोपऱ्यात आधाराविना पुढे आलेलं लिंटेल टोकाशी थोडं वाकलेलंही असतं, म्हणून नेमक्या कोपऱ्यावरची उंची वेगळी घ्या.

आत बसणारी की वरून बसणारी चौकट?

वरून बसणारी चौकट तोंडापेक्षा मोठी असते आणि दर्शनी भागावर टेकते. वर आणि दोन्ही बाजूंना 2 ते 2.5 सेंमी जास्त, खाली ओट्यावर टेकलेली. मापातल्या लहान चुका आणि वाकड्या कडा ती झाकून टाकते, त्यामुळे सपाट विटा, टाइल किंवा संगमरवर असेल तर नवख्यांनी हीच घ्यावी. दर्शनी भाग खडबडीत दगडाचा असेल तर मात्र दगड आणि चौकट यांत जागोजागी फटी राहतात. तिथे आत बसणारी चौकट हवी. ती प्रत्येक बाजूला तोंडापेक्षा 3 ते 6 मिमी लहान करतात, आणि माप नेहमी सगळ्यात लहान आकड्यावरून धरायचं. आत बसणाऱ्या चौकटीत चूक लपत नाही.

चौकटीचा धातू: अॅल्युमिनिअम हलका, स्वस्त, सुबक, पण दार बंद ठेवून आग जाळायची असेल तर तो नको. वेल्ड केलेली 3 मिमीची स्टीलची चौकट वाकत नाही आणि काटकोनी चौकटीला हा ताठपणा लागतोच. सिरॅमिक काच स्टीलमध्ये आणि टफन्ड काच अॅल्युमिनिअममध्ये, ही जोडी लक्षात राहायला सोपी.

चौकटीच्या खालच्या पट्टीत हवेच्या झडपा आहेत का, ते विचारा. दारं बंद असताना आगीला हवा तिथूनच मिळते. झडपा बंद आणि दारंही बंद असतील तर आग घुसमटते, काच काळी पडते, आणि दार उघडताच धुराचा लोट बाहेर येतो.

बसवणं

आधी धुराडं आणि पेटी साफ करून घ्या, नंतर दारं आडवी येतात. दारं आणि काचा चौकटीतून काढून बाजूला ब्लँकेटवर ठेवा. नुसती चौकट जागेवर उभी करून लेव्हल लावा. ओट्याला उतार असेल तर खाली धातूच्या पातळ चकत्या द्या, लाकडाच्या पाचरी नकोत.

वरून बसणाऱ्या चौकटीच्या मागच्या बाजूला उष्णता सोसणाऱ्या लोकरीची पट्टी लावा. कागद चिकटवलेली लोकर चालत नाही, तो कागद जळतो. वरच्या बाजूला चौकट लिंटेलला आतून क्लॅम्पने धरली जाते, खाली दोन्ही टोकांना ओट्यात किंवा बाजूच्या विटेत 6 मिमीचे धातूचे अँकर. प्लॅस्टिकचे गट्टू इथे वितळतात. बोल्ट एकदम करकचून आवळू नका: सगळे अर्धे आवळा, कर्ण पुन्हा मोजा, मग पुरे करा. काटकोनी चौकट असेल तर सुरुवात कोपऱ्यापासून करा आणि टोकांकडे जा. उलट केलं तर सगळी चूक कोपऱ्यावर जमा होते आणि तिथे ती लपवता येत नाही.

मग जाळी, आणि शेवटी दारं. दोन पाखांमध्ये 3 मिमी फट सोडा, तापल्यावर धातू वाढतो. काच धरणारे क्लिप हाताने हलकेच घट्ट करायचे. काच चौकटीत किंचित हलली पाहिजे. आवळून बसवलेली टफन्ड काच पहिल्या-दुसऱ्या आगीतच तडकते, आणि लोक काचेला नावं ठेवतात.

पहिले जाळ आणि पुढचा वापर

पहिले दोन-तीन जाळ लहान, प्रत्येकी तासाभराचे. चौकटीच्या रंगाचा वास आणि थोडा धूर येईल. खिडक्या उघड्या ठेवा. चौकट गार झाल्यावर सगळे बोल्ट एकदा तपासा, एखादा सैल झालेला सापडतोच.

लाकडं रचायची सळयांची बैठक काचेपासून किमान 15 सेंमी मागे हवी. दोन तोंडांच्या फायरप्लेसमध्ये हे अंतर दोन्ही काचांपासून मोजा. जुनी बैठक बहुधा मोठी पडते, आणि ओंडका घसरून काचेवर येण्याचं कारणही बहुतेक वेळा तीच असते. डॅम्पर आग पेटल्यापासून निखारे पूर्ण विझेपर्यंत उघडा. लाकडाचा आभास देणारे गॅसचे ओंडके असतील तर त्यांच्या सूचनांत दार उघडं ठेवा असं लिहिलेलं असतं का ते बघा. बहुतेकांत तसंच असतं. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, आणि लहान मुलं असतील तर दारांपुढे वेगळा कठडा. काच बाहेरूनही हात भाजण्याइतकी तापते, आणि कोपऱ्यातल्या फायरप्लेसला ती दोन बाजूंनी हाताशी येते.

पुसायची ती गार काच. ओल्या कागदावर थोडी बारीक राख घेऊन घासलं की काजळी निघते. राखेत खडे असतील तर ओरखडे पडतात, म्हणून आधी बोटांनी चाचपून बघा. तापलेल्या काचेवर पाणी किंवा फवारा मारू नका. तारेची घासणी आणि ब्लेडही सिरॅमिक काचेवर नको, त्या ओरखड्यांवरून ती पुढे फुटते.

काच फुटलीच तर टफन्ड काच नंतर कापून लहान करता येत नाही, हे लक्षात ठेवून नवी मागवा. चौकटीच्या खाचेचं आतलं माप घ्या आणि रुंदी-उंचीत 3 मिमी कमी सांगा. जुन्या काचेच्या कोपऱ्यात छोटा शिक्का असेल तर ती बहुधा टफन्ड होती. पण नवी घेताना दार बंद ठेवून आग जाळायची सवय असेल, तर त्याच जागी सिरॅमिक मागवा. तिची जाडी कमी असते, तेव्हा क्लिप आणि गॅस्केट (काचेच्या कडेची मऊ पट्टी) त्या जाडीचे घ्यायला विसरू नका, नाहीतर काच खडखडत राहते.